त्या निळ्या तळ्यात डुबकी मारायला सांगू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत न्यूझीलंडच्या नेल्सन लेक्स नॅशनल पार्कवर पानभर लेख आलाय, वर निळ्याशार तळ्याचा मोठा फोटो, खाली लाकडी हटचा, म्हणजे डोंगरातल्या मुक्कामाच्या झोपडीचा, छोटा फोटो आणि बाजूला "हे चुकवू नका" अशी चौकट. लेख वाचायला मस्त आहे, आमच्याकडे सगळ्यांनी हातोहात वाचला, पण त्या चौकटीतला पहिलाच मुद्दा आहे "ब्लू लेकमध्ये डुबकी मस्ट, जगातलं सगळ्यात स्वच्छ पाणी!" आणि तो वाचून मला काही राहवेना म्हणून हे पत्र. अहो, त्या तळ्यात पोहायचं नसतं. पोहायचं सोडाच, त्यात हात धुवायचे नाहीत, बाटली बुडवायची नाही, रुमाल ओला करायचा नाही, काठीला कॅमेरा लावून पाण्याखाली सोडायचा नाही. तिथे तसे बोर्ड लावलेत आणि हटमध्येही लिहिलेलं आहे. तुमचा पेपर किती घरांत जातो ते तुम्हालाच माहीत, त्यातल्या चार जणांनी जरी पुढच्या डिसेंबरचं तिकीट काढलं आणि तुमच्या चौकटीवर विश्वास ठेवून पाण्यात उड्या मारल्या तर कुणाला विचारायचं?

माझी नणंद तिकडे राहते आणि सुट्टी मिळाली की सॅक पाठीला लावून डोंगरात पळते, तिच्या मागे धापा टाकत मीही त्या वाटेने जाऊन आलेय, म्हणून थोडं अधिकाराने लिहितेय. लांबलं तर कापा, पण तळ्याचा भाग तेवढा कापू नका.

आधी त्या तळ्याचं सांगते. ब्लू लेक हे नंतर आलेल्या लोकांनी ठेवलेलं नाव, त्याचं माओरी नाव रोटोमाइरेफेनुआ. न्गाती आपा की ते रा तो नावाची जी इवी, म्हणजे तिथली जमात, आहे त्यांच्यासाठी हे पाणी तापू आहे, पवित्र आहे. पूर्वी मृतांच्या अस्थी धुण्याचा विधी या पाण्यात व्हायचा. म्हणजे आपण "डुबकी मस्ट" कशाला म्हणतोय ते बघा जरा. समजा कुणाला श्रद्धा वगैरे पटत नाही, ठीक आहे, पण ज्यांच्या दारात पाहुणे म्हणून जायचं त्यांनी हात जोडून सांगितलंय की इथे नको, एवढं कारण मला तरी पुरतं.

आणि ज्यांना पुरत नाही त्यांच्यासाठी दुसरं कारण आहे, ते सायन्सचं. तिथल्या निवा या सरकारी संशोधन संस्थेने या पाण्याची पारदर्शकता मोजली, 2011 मध्ये ती बातमी जगभर गेली, आकडा आला 70 ते 80 मीटर. हे खोलीचं माप नाही हं, तुमच्या लेखात "80 मीटर खोलवरचा तळ दिसतो" असं लिहिलंय ते चूक आहे, तळं तेवढं खोल नाहीच मुळी, हे अंतर पाण्यात आडवं धरलेलं आहे, पाण्याखाली समोर किती लांबचं दिसेल ते. निव्वळ शुद्ध पाण्यातही साधारण 80 मीटरपर्यंतच दिसतं, म्हणजे हे तळं जवळजवळ डिस्टिल्ड वॉटरच्या पंक्तीला जाऊन बसलं. त्याआधी सगळ्यात नितळ गोड्या पाण्याचा मान त्याच भागातल्या ते वाइकोरोपुपू झऱ्यांना होता, तिथे 63 मीटर मोजले होते, आणि तिथेही पाण्याला हात लावायला बंदी आहे. 

पाणी इतकं नितळ कसं तर त्याची गंमत वरच्या तळ्यात आहे. ब्लू लेकच्या वर अजून एक मोठं तळं आहे, लेक कॉन्स्टन्स, माओरी नाव रोटोपोहुएरोआ. मधे कधीकाळी डोंगराचा कडा ढासळून दगडमातीचा बांध झाला. वरच्या तळ्याचं पाणी त्या बांधावरून ओढ्यासारखं उड्या मारत येत नाही, ते आतून, दगडांच्या फटीफटीतून झिरपत येतं आणि त्यात गाळ सगळा आतच राहतो. खाली झऱ्यांतून बाहेर पडतं ते गाळून आलेलं. आणि तळं लहान, आवक जोरात, त्यामुळे पाणी तिथे फार वेळ थांबतच नाही, शेवाळाला जम बसवायला सवड मिळत नाही. रंग बघाल तर निळ्याच्या पुढे जांभळ्याकडे झुकणारा, मला आधी वाटलं फोटोवाले फिल्टर लावतात, पण नाही, पाणी स्वतःच लाल रंग शोषून घेतं आणि आड येणारा गाळ नसला की निळा-जांभळाच काय तो उरतो. उथळ जागी तर कळतच नाही पाणी कुठे सुरू झालं, तळाशी पडलेली काटकी हवेत पडल्यासारखी दिसते.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी एवढं लिहितेय. त्या पार्कच्या पायथ्याला जी दोन मोठी तळी आहेत, रोटोइटी आणि रोटोरोआ, त्यांच्यात लिंडाव्हिया नावाचं सूक्ष्म शेवाळ सापडलंय. डोळ्यांना दिसत नाही. ते पाण्यात चिकट तंतू सोडतं, त्याला तिकडे लेक स्नो म्हणतात, आणि काही लोक वैतागून लेक स्नॉट म्हणतात, स्नॉट म्हणजे शेंबूड, यावरून काय ते समजा. वानाका, वाकाटिपू, हावेआ या दक्षिणेकडच्या प्रसिद्ध तळ्यांत हे आधीच पसरलंय, मासेमारीचे गळ बुळबुळीत होतात, पाण्याचे फिल्टर तुंबतात. एकदा तळ्यात शिरलं की काढायचा उपाय अजून तरी कुणाकडे नाही.

आणि बघा, ब्लू लेकचं पाणी वेस्ट सबाइन नदीतून खाली रोटोरोआत जातं, तिथून गोवन नदी, मग बुलर, मग समुद्र. सगळा प्रवास उताराचा. खालच्या तळ्यातलं शेवाळ स्वतःहून वर चढून ब्लू लेकमध्ये जाणं शक्यच नाही, त्याला पाय नाहीत. पाय आपल्याला आहेत. रोटोइटीच्या काठावर बूट भिजले, वाटेत नदीत बाटली भरली, टॉवेल ओला तसाच पिशवीत कोंबला आणि मग चौथ्या दिवशी वर जाऊन तोच टॉवेल, तीच बाटली, तोच फिल्टर त्या पाण्यात बुडवला की झालं काम. एक ओलसर मोजा पुरे. ही वाट ते आरारोआ या लांब पल्ल्याच्या ट्रेलवर येते, उत्तरेच्या केप रिएंगापासून दक्षिणेच्या ब्लफपर्यंत साधारण 3000 किलोमीटर, 2011 मध्ये अधिकृत सुरू झाली, तेव्हापासून पाठीला सॅक लावून येणाऱ्यांची रीघ वाढली, आणि त्यातले बहुतेक जण उत्तरेकडून येतात म्हणजे आधी रोटोइटीचा काठ आणि मग ब्लू लेक. नेमका नको तो क्रम.

"मग सामान धुऊन घ्या की" असं कुणी म्हणेल. तिकडचा नियमच आहे चेक, क्लीन, ड्राय. चिखल-शेवाळ काढायचं, भांड्याच्या साबणाच्या 5 टक्के द्रावणात सामान भिजवून धुवायचं, नाहीतर आतबाहेर पूर्ण कोरडं करून वर अजून निदान 48 तास कोरडंच ठेवायचं. डिडिमो नावाचं दुसरं शेवाळ 2004 मध्ये साउथ आयलंडमध्ये सापडलं तेव्हापासून हे चालू आहे. निघायच्या आधी घरी हे जमतं आणि करायलाच हवं. पण वाटेवर, जिथे रोज एखादा तरी ओढा पायाखालून जातो आणि बूट रात्री हटच्या व्हरांड्यात अर्धवटच सुकतात, तिथे 48 तास कोरडं कसं ठेवणार? म्हणून सोपा उपाय, तळ्याला हातच लावायचा नाही. प्यायचं पाणी हटला मिळतं, तिथून घ्यायचं, आंघोळीवाचून कुणाचं अडत नाही.

आता लेखातली दुसरी गोष्ट, ही चूक म्हणावी की घाई ते तुम्ही ठरवा. "हटपर्यंतचा ट्रेक तीन तासांचा, मुलांना घेऊन आरामात जाता येईल." तीन तास खरे आहेत, तीन ते चार म्हणू, पण ते वेस्ट सबाइन हटपासून! आणि त्या वेस्ट सबाइन हटपर्यंत गाडी जात नाही, रस्ताच नाही. तिथवर पोचायचं तर दोन मार्ग. एक, लेक रोटोरोआवरून वॉटर टॅक्सीने तळ्याच्या वरच्या टोकाला उतरायचं आणि सबाइनच्या खोऱ्यातून पाचेक तास चालायचं. दुसरा, आम्ही गेलो तो, सेंट अर्नॉड गावातून रोटोइटीच्या काठाने, ट्रॅव्हर्स नदीच्या खोऱ्यातून, ट्रॅव्हर्स सॅडल म्हणजे वरची खिंड ओलांडून. पूर्ण फेरी साधारण 80 किलोमीटर होते आणि लोक चार ते सात दिवस घेतात, वर ब्लू लेकला जाऊन यायचं तर वेगळा दिवस धरतात. तुमच्या लेखामुळे कुणी सकाळी डबा घेऊन निघालं आणि संध्याकाळी परत यायच्या हिशेबाने एकच जॅकेट घेतलं तर प्रकरण अंगाशी येईल.

ट्रॅव्हर्सची बाजू मला विचाराल तर जास्त आवडली, जरी तिनेच जास्त छळलं. सुरुवातीला तळ्याच्या काठाने बीच झाडांचं जंगल, हे बीच समुद्रकिनाऱ्याचं नव्हे, झाडाचं नाव आहे, बुंध्यांवर काजळीसारखी काळी बुरशी असते आणि सालीतून केसासारखे बारीक धागे निघून टोकाला गोड थेंब लोंबतात. सालीत राहणारा एक किडा ते सोडतो, पक्षी त्यावर जगतात, आणि बाहेरून आलेल्या गांधीलमाश्याही त्यावरच माजल्यात, उन्हाळ्याच्या शेवटी म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांचा नुसता गोंगाट असतो. ज्यांना दंशाची ॲलर्जी आहे त्यांनी औषध सॅकच्या तळाशी ठेवू नका, वरच्या कप्प्यात ठेवा. मग खोरं अरुंद होत जातं, नदी कधी शेजारी कधी खाली खोल, आणि वरच्या हटपाशी झाडं अचानक संपतात. म्हणजे खरंच अचानक, इथपर्यंत जंगल आणि इथून पुढे टसॉकचं पिवळट गवत आणि दगड.

सॅडल 1787 मीटरवर आहे. उंचीचा आकडा हिमालयात फिरलेल्यांना किरकोळ वाटेल, त्यांचं हसू मला इथपर्यंत ऐकू येतंय, पण तिथे विरळ हवेचा त्रास नसतो, त्रास हवामानाचा असतो. ते बेट समुद्राच्या मधोमध, पश्चिमेचा वारा सरळ येऊन या डोंगरांवर आपटतो, आणि भर जानेवारीत, जो तिकडे उन्हाळा, बर्फ पडू शकतो. वर खांब रोवलेत, एका खांबापासून दुसरा शोधत जायचं, धुकं आलं की तेवढंच हातात. आणि चढणीपेक्षा उतरण वाईट, पलीकडे जवळजवळ हजार मीटर खाली जावं लागतं, आधी सुटे दगड मग मुळांच्या पायऱ्या, गुडघे दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे वागायला लागतात. नणंद खाली पुलावर बसून माझी वाट बघत होती, पुलाखाली सबाइनची एक शाखा इतक्या अरुंद आणि खोल घळीतून जाते की पाण्याचा नुसता आवाज येतो. ती म्हणाली, "वहिनी, आता सोपं आहे." डोंगरवाल्यांच्या या वाक्यावर कधी विश्वास ठेवू नये.

वेस्ट सबाइनहून वर ब्लू लेकची वाट नदीला धरून जाते, मधे मधे झाडं आडवी झालेले मोकळे पट्टे लागतात, ते हिमकड्यांचे म्हणजे ॲव्हलांचचे मार्ग. उन्हाळ्यात तिथे रमतगमत फोटो काढता येतात, पण हिवाळ्यात आणि वसंतात, जो तिकडे सप्टेंबर-ऑक्टोबर, ते पट्टे जिवंत असतात, ज्यांना ते वाचता येत नाहीत त्यांनी तिकडे जाऊच नये. तुमच्या लेखात "बारा महिने कधीही जा" असं आहे. हे वाक्य कृपया काढा.

लेखात अजून एक घोळ झालाय, फोटो ब्लू लेकचा आहे पण "कड्याच्या धारेवरून चालत तळ्यापाशी उतरायचं" हे वर्णन अँजेलस हटच्या वाटेचं आहे. ती वेगळी. माउंट रॉबर्टच्या कारपार्कपासून वर चढून रॉबर्ट रिज धरायची आणि ती धार संपते तिथे 1650 मीटरवर लेक अँजेलस, माओरी नाव रोटोमानिनिटुआ, आणि काठावर हट. साधारण सहा तासांची चाल, सगळी उघड्यावर, धारेवर पाणी नाही, वारा सुटला की उभं राहता येत नाही, नजर मात्र चहूबाजूंना पोचते. दोन-तीन दिवसच हातात असतील त्यांनी ब्लू लेकचा हट्ट सोडून ही वाट करावी असं माझं मत, हवा चांगली असेल तरच. वारा वाईट असेल तर स्पीअरग्रासच्या दरीतून खालची वाट आहे. मात्र उन्हाळ्याच्या सीझनमध्ये तिथलं बुकिंग आधी करावं लागतं, 28 बंक आहेत, शनिवार-रविवारचे लवकर भरतात. आणि रात्री बूट बाहेर ठेवायचे तर उंच टांगून ठेवा, किआ नावाचे डोंगरी पोपट आहेत, हुशार आणि पक्के चोर, लेस उपसतात, रबर कुरतडतात, आणि आपण हाकलायला गेलो की दोन फुटांवर जाऊन आपल्याकडेच बघत बसतात.

हटबद्दल तुमच्या लेखात "डोंगरातलं छोटंसं हॉटेल" असं म्हटलंय. नाही हो. तिथे मॅनेजर नाही, जेवण नाही, लाइट नाही, चार्जिंग नाही, मोबाइलला रेंज नाही. ब्लू लेक हटमध्ये 16 बंक आहेत, बंक म्हणजे गादी टाकलेली फळी, स्लीपिंग बॅग आपली, शेगडी आणि गॅस आपला, कचरा आपला आणि तो खाली परत न्यायचाही आपणच. पाण्याची टाकी असते, लाकडाची शेगडी खोली गरम करायला, बाहेर साधा संडास. असे 950 च्या वर हट त्या देशभर डोंगरात विखुरलेत आणि डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्व्हेशन ते सांभाळतं, हे खातं 1987 मध्ये झालं. त्यातले कितीतरी हट मुळात ट्रेकर्ससाठी बांधलेलेच नाहीत. बाहेरून आणून सोडलेली हरणं इतकी वाढली की डोंगर खाऊन उघडे करायला लागली, मग सरकारने पगारी शिकारी नेमले, आणि 1950-60 च्या दशकांत फॉरेस्ट सर्व्हिसने त्यांना राहायला दऱ्याखोऱ्यांत हे हट बांधले. शिकारी गेले, हट राहिले.

त्या हटचं एक वळण असतं, ते कळायला मला एक रात्र लागली. बूट आत आणायचे नाहीत. जितकी लाकडं जाळली तितकी तोडून ठेवायची, म्हणजे उद्या भिजून येणाऱ्याला काडी लावली की ऊब मिळेल. सकाळी झाडून निघायचं. उशिरा कुणी भिजून आला तर जागा करून द्यायची, हट भरलाय म्हणून दारात उभं करायचं नाही, खाली जमिनीवर झोपेल पण आत झोपेल. रात्री नऊ-साडेनऊला, अजून बाहेर पुरता अंधार पडलेला नसतो, तोवर सगळे आडवे. आम्ही होतो तेव्हा एकजण स्पीकरवर गाणी लावून बसला, कुणी काही बोललं नाही, फक्त एक आजी, सत्तरीच्या तरी असतील, एकट्या आलेल्या, उठून त्याच्यासमोर गेल्या आणि त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. गाणी बंद. 

आणि हटची वही. ही गोष्ट तुमच्या लेखात असायला हवी होती, डुबकीऐवजी. प्रत्येक हटमध्ये एक वही असते, त्यात नाव, कुठून आलो, उद्या कुठे जाणार, सोबत किती जण, हे लिहायचं. मुक्काम नसला, नुसतं पाणी प्यायला टेकलो तरी लिहायचं. कुणी वेळेवर परतलं नाही तर शोधणारे लोक आधी या वह्या उघडतात, शेवटची नोंद कुठल्या हटची आहे त्यावरून कुठली दरी शोधायची ते ठरतं. आणि हे शोधणारे बरेचसे स्वयंसेवक असतात, आपापली कामं टाकून आलेले. निघताना खाली कुणाला तरी सांगून जायचं की अमुक दिवशी, अमुक वाजेपर्यंत माझा फोन नाही आला तर पोलिसांना कळव. शिवाय पर्सनल लोकेटर बीकन, पीएलबी, भाड्याने मिळतो, तो घ्याच. बटण दाबलं की सॅटेलाइटमार्फत 406 मेगाहर्ट्झवर सिग्नल त्यांच्या रेस्क्यू सेंटरला जातो. तो सॅकच्या आत नको, अंगावर हवा, नदीत सॅक वाहून गेली तर?

नदीचं पण लिहायला हवं. मोठ्या नद्यांवर बहुतेक पूल आहेत पण मधले ओढे उघडे, आणि पाऊस लागला की ते ओढे तासाभरात ओळखू येत नाहीत. फुगलेल्या ओढ्यापाशी थांबायचं. उतरतोही तितक्याच लवकर, नाहीच उतरला तर मागच्या हटमध्ये एक दिवस जास्त. परतीचं विमान पुढच्याच सकाळी असं प्लॅनिंग केलं की माणूस थांबत नाही, तिथेच घात होतो, म्हणून हातात एक मोकळा दिवस आणि एक दिवसाचं जास्त खाणं पाहिजेच.

तर माझं म्हणणं असं की पुढच्या रविवारी त्याच पुरवणीत, त्याच जागी, दुरुस्ती छापा. आतल्या पानावर दोन ओळींची दिलगिरी नको, ती कुणी वाचत नाही. तळ्याला हात लावू नका, बाटली हटच्या पाण्याने भरा, सामान धुऊन-सुकवून मगच जा, आणि तीन तासांत होणारा हा ट्रेक नाही, एवढं ठळक टाकलंत तरी खूप. लेखिकेला नाव ठेवायचा हेतू नाही, त्यांनी इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून लिहिलं असावं, आणि त्या व्हिडिओंत लोक खुशाल उड्या मारतात हेही खरंय. पण पेपरात छापून आलं की लोकांना ती परवानगी वाटते. 

आणि कुणी म्हणेल मग एवढं चालून जाऊन करायचं काय, नुसतं बघायचं? तर हो, बघायचं. काठावरच्या वाटेने फिरा, बांधावर चढून कॉन्स्टन्सचं लांबलचक पाणी बघा, तब्येत आणि हवा दोन्ही चांगल्या असतील आणि डोंगराचा खरा सराव असेल तर पुढे वाइआऊ पास आहे 1870 मीटरवर. मी बांधावरूनच परत फिरले. नणंद गेली वरपर्यंत, संध्याकाळी आली ती खरचटलेल्या नडग्या घेऊन, चहा मागितला आणि कप हातात तसाच धरून झोपली.

आपली नम्र,
एक नियमित वाचक

ता. क. सँडफ्लाय नावाच्या बारीक काळ्या माश्यांचा तुमच्या लेखात उल्लेखच नाही! रोटोइटीच्या धक्क्यावर उभ्या उभ्या फोडून काढतात, चावलेलं आठवडाभर खाजतं. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि चालत राहा, थांबलात की आल्याच. डोंगरात वर गेलं की कमी होतात, आणि रात्री अंधारात चावत नाहीत, तेवढीच मेहेरबानी.